नांगराच्या तासापासून तीस-चाळीसच्या साइटपर्यंत

बंगळूरच्या जुन्या पेठेत ॲव्हेन्यू रोड आणि चिकपेट रस्ता एकमेकांना छेदतात, त्या चौकात क्षणभर थांबायचं म्हटलं तरी जागा मिळत नाही. डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेतलेले हमाल, हातगाड्या, दुचाक्या आणि लग्नाच्या बस्त्यासाठी तुमकूर-कोलारकडून आलेली अख्खी कुटुंबं एकाच बोळातून वाट काढत असतात. केंपेगौडाने १५३७ मध्ये शहर वसवायला घेतलं, तेव्हा याच जागी चार नांगर जुंपून बैलजोड्या चार दिशांना हाकल्या, अशी इथली परंपरागत कथा आहे. दोन नांगर पूर्व-पश्चिम गेले, हलसूर आणि सोंडेकोप्पाच्या वाटेने. दोन उत्तर-दक्षिण गेले, यलहंका आणि आनेकलच्या वाटेने. नांगरांनी पाडलेल्या तासांवर रस्ते झाले. उत्तर-दक्षिण रस्ता ती दोड्डपेटे, म्हणजे आजचा ॲव्हेन्यू रोड, आणि पूर्व-पश्चिम रस्ता ती चिकपेटे.

शेतीच्या अवजाराने आखलेलं हे शहर पुढे शेतावरच पसरत गेलं. ते कसं पसरलं, आणि पेठेतल्या माणसाला रांगोळी घालायला अंगण, दारात झाड आणि सरळ रस्ता देणारी आखीव उपनगरं आधी कुणाच्या शेतात उभी राहिली, हे एका सलग प्रवासात पाहावं असं मनात होतं. नम्म मेट्रोच्या हिरव्या मार्गाने ते सोपं केलं आहे. चिकपेटे हे या मार्गावरचं भुयारी स्टेशन, २०१७ च्या जूनमध्ये सुरू झालेलं. इथून उत्तरेला दोन स्टेशनं गेलं की मल्लेश्वरम्. दक्षिणेला निघालं की बसवनगुडी, मग जयनगर, आणि तसंच बसून राहिलं की शेवटी कनकपुरा रस्त्यावर नाचणीच्या शेतांशेजारी आखलेले नवे लेआउट. सगळ्या पिढ्यांची उपनगरं एकाच रुळावर ओवलेली आहेत.

पेठेत माझे वाटाडे होते खानापूर तालुक्यातले एक गलाईवाले दादा. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं भारतभर सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा करतात, आणि बंगळूरची नगरतपेट त्याला अपवाद नाही. जुना दागिना मुशीत वितळवायचा, त्यातलं हीण काढायचं, शुद्ध सोनं सराफाला परत द्यायचं. त्यांनी आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं, “पाव्हणं, चिकपेटेत गाडी आणायच्या फंदात पडू नका. मेट्रोनं या, वर आलासा की फोन करा. मी पोरगं धाडतो.” पोरगं आलं, आणि त्याच्यामागून मी अशा बोळांतून गेलो, की दोन्ही बाजूंच्या भिंतींना एकाच वेळी हात लागतील.

चिकपेट मराठी माणसाला परकी नाही. विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजांनी १६३८ मध्ये केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. त्यांचा गौरीमहाल चिकपेटेतच होता असं सांगतात. आज त्याची एक वीटही दाखवता येत नाही. पण भावसार आणि नामदेव शिंपी समाजाची जुनी घराणी पेठेत आहेत, विठ्ठलाची देवळं आहेत, आणि एखाद्या कापडाच्या दुकानात कानडी वळणाचं, आपल्याला जुनं वाटणारं मराठी अचानक कानावर येतं. “हे आमच्याही आधीचे मराठे,” दादा म्हणाले. “आम्ही काल-परवाचे.”

पेठ म्हणजे नुसता बाजार नव्हता; घर आणि धंदा इथे एकाच छपराखाली होते. अक्कीपेटेत तांदूळ, रागीपेटेत नाचणी, तरगुपेटेत धान्याचे घाऊक व्यापारी, गाणिगरपेटेत तेली, कुंभारपेटेत कुंभार. शेतातला माल वेशीतून आत यायचा आणि आपापल्या पेठेत उतरायचा. शेतकरीही आतच राहत. तिगळरपेटेतले तिगळ हे बंगळूरचे पिढीजात माळी. भाजी, फुलं, फळं पिकवणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांचे मळे गावाभोवतीच्या तळ्यांच्या काठाने असत. चैत्र पौर्णिमेला त्यांच्या धर्मराय देवळातून करग निघतो. द्रौपदीच्या नावाचा, फुलांनी मढवलेला उंच कलश डोक्यावर घेऊन स्त्रीवेषातला पुजारी रात्रभर पेठेतून फिरतो. वाटेत तो कॉटनपेटेतल्या हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यालाही जातो. त्याच्या विधींना तळं लागतं. संपंगी तळ्याच्या जागी आता कंठीरव स्टेडियम आहे, पण करगासाठी त्या तळ्याचा एक लहानसा तुकडा तिथे राखला आहे. मळे गेले, माळ्यांचा सण त्या जागा विसरला नाही. बंगळूरच्या कुठल्याही नकाशापेक्षा करगाची वाट मला अधिक विश्वासाची वाटते, कारण ती पाणी कुठे होतं ते सांगते.

तळ्यांखेरीज इथल्या शेतीचा विचारच होत नाही. बंगळूरला मोठी नदी नाही. शहर उंच पठारावर वसलेलं. म्हणून उतारावर एकाखाली एक बांध घालून तळी केली. वरच्या तळ्याचं जादा पाणी ओढ्याने, इथल्या बोलीत राजकालुवेने, खालच्या तळ्यात उतरतं. तळ्याखालच्या ओलिताखाली भात आणि भाजीपाला, वरच्या लाल कोरडवाहू जमिनीत नाचणी, अवरे म्हणजे पावटा, तूर, भुईमूग. पेठेला पाणी पुरवणारं धर्मांबुधी तळं केंपेगौडाच्या काळचं. आज त्याच्या तळाशी मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे, जिथून आपल्याकडच्या कोल्हापूर-सांगलीच्या गाड्याही सुटतात.

अशा दाट पेठेत १८९८ च्या ऑगस्टमध्ये प्लेग आला. मुंबईत तो १८९६ मध्ये मांडवीत दिसला होता. पुण्यात १८९७ मध्ये त्याने काय केलं आणि रँडच्या वधापर्यंत प्रकरण कसं गेलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तिथून तो रेल्वेने दक्षिणेकडे सरकला. बंगळुरातला पहिला रुग्ण म्हणजे हुबळीहून आलेला, रेल्वेच्या एका अधिकाऱ्याचा नोकर. धान्याच्या वखारी, त्यांतले उंदीर, खिडक्या नसलेल्या माजघरात झोपणारी माणसं, उघडी गटारं. चिकपेट आणि भोवतीच्या पेठांत साथीला हवं ते सगळं होतं. माणसं पेठ सोडून मोकळ्या माळावर झोपड्या बांधून राहिली. मारम्मा देवीची नवी ठाणी उभी राहिली. त्यांतल्या काहींना आजही ‘प्लेग मारम्मा’ म्हणतात. साथीच्या कामात अधिकाऱ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून शहरात टेलिफोनच्या तारा आल्या, त्याही याच वर्षी.

म्हैसूर संस्थानचे दिवाण तेव्हा शेषाद्री अय्यर होते. प्लेग आयुक्त म्हणून नेमले गेले व्ही. पी. माधवराव, पूर्ण नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव. कुंभकोणमच्या देशस्थ घराण्यातले, तंजावरी मराठी. पुढे ते त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्या घराण्यासारखी मराठी घराणी कावेरीकाठी रुजली ती शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांच्यामुळे. एकोजी आधी बंगळूरची जहागीर सांभाळत होते, आणि १६७० च्या दशकात त्यांनी तंजावर घेतलं. हे इथेच सांगून ठेवतो, कारण मल्लेश्वरम्ला पोचल्यावर एकोजी पुन्हा भेटणार आहेत.

संस्थानाने एक मोठा निर्णय घेतला. पेठ धुऊन, चुना फासून भागणार नाही. माणसांना राहायला दुसरी, मोकळी जागा द्यायला हवी. किल्ल्याच्या पश्चिमेला चामराजपेट ही आखीव वस्ती १८९२ मध्येच सुरू झाली होती, म्हणजे कल्पना तयार होती. प्लेगने तिला निकड दिली. उत्तरेला मल्लेश्वरम् आणि दक्षिणेला बसवनगुडी या दोन ‘एक्स्टेन्शन’ १८९८ मध्ये आखल्या गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनमध्ये एबेनेझर हॉवर्डचं उद्याननगरांबद्दलचं पुस्तक प्रसिद्ध झालं आणि त्यातून पुढे १९०३ मध्ये लेचवर्थ उभं राहिलं. १८९८ मध्येच मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि काही वर्षांत दादर-माटुंग्याच्या भातखाचरांवर आजच्या हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीची आखणी झाली. घाबरलेल्या शहरांना एकाच सुमारास शेताकडे जावंसं वाटलं. बंगळूरने ते कुणाचं पुस्तक वाचून केलं नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

चिकपेटेहून उत्तरेकडची गाडी पकडली. मॅजेस्टिकला अर्धा डबा रिकामा झाला आणि अर्धा पुन्हा भरला. पुढचं स्टेशन संपिगे रोड. संपिगे म्हणजे सोनचाफा. शेजारून समांतर जाणारा रस्ता मार्गोसा रोड, म्हणजे कडुनिंबाचा. झाडांची नावं दिलेले हे दोन रस्ते मल्लेश्वरम्चा कणा आहेत. त्यांना आडवे छेदणारे रस्ते म्हणजे ‘क्रॉस’, नुसत्या आकड्यांचे. आठव्या क्रॉसवर बाजार, पंधराव्या क्रॉसकडे सर सी. व्ही. रामन यांचं ‘पंचवटी’. इथला माणूस पत्ता सांगताना आकडाच सांगतो, आणि त्या आकड्यांतही अमुक क्रॉसचं अगत्य आणि तमुक क्रॉसचा शिष्टपणा त्याला ठाऊक असतो.

काडु मल्लेश्वराचं देऊळ थोडं उंचावर, जुन्या झाडांत आहे. काडु म्हणजे रान. उपनगराला नाव देणारा हा देव आधी रानातला, मल्लापूर नावाच्या खेड्याजवळचा. इथल्या १६६९ च्या शिलालेखात एकोजीराजांनी मल्लापूरच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद आहे. बंगळूरच्या महानाडाने, म्हणजे तिथल्या प्रमुख मंडळींच्या सभेने, विनंती केली म्हणून हे दान दिलं. देवाच्या दिवाबत्तीला एका गावचं उत्पन्न. ज्या भुईवर आज चाफ्याच्या रस्त्याकाठी दुकानं लागली आहेत, ती त्या काळी देवस्थानाच्या आणि कुळांच्या हिशोबातली शेतजमीन होती.

एकोजींनी दान दिलेलं गाव, आणि सव्वादोनशे वर्षांनी त्या परिसरात नवी वस्ती आखली जात असताना प्लेग आयुक्ताच्या पदावर एकोजींच्याच राज्यात रुजलेल्या मराठी समाजातले माधवराव. देवळाच्या पायऱ्यांवर बसून मी हा धागा मनात जुळवत राहिलो. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत असतात.

आखणी पाहायची तर मुख्य रस्त्यावरून पाहू नये. घरांच्या मागे जावं. दोन ओळींतल्या घरांच्या पाठी एकमेकींकडे, आणि मधे एक अरुंद बोळ; याला ‘कॉन्झर्व्हन्सी लेन’ म्हणतात. जमिनीखालची गटारं येण्यापूर्वी मैला उचलणारा माणूस या बोळातून यायचा, संडासाच्या मागच्या दारातून टोपली भरून घेऊन जायचा. पुढच्या रस्त्यावर चाफा, मागच्या बोळात हे काम, आणि ते काम ठरावीक जातींच्याच माथी. आरोग्यासाठी आखलेल्या वस्तीचं आरोग्य कुणाच्या डोक्यावरून वाहिलं गेलं, हे त्या बोळात उभं राहिलं की स्पष्ट कळतं. आज काही बोळ बंद केलेत, काहींत दुचाक्या लावतात, काहींत कुणी कढीपत्ता आणि केळी लावल्या आहेत. आखणीतही निरनिराळ्या समाजांसाठी निरनिराळे भाग ठरवले होते. पेठेतली जातवार वस्ती मोकळ्या माळावर आली, फक्त रुंद रस्त्यांसकट. उपनगराचं कौतुक करताना हे वगळायला माझं मन घेत नाही.

तरीही कौतुक आहेच. प्रत्येक घराला चारी बाजूंनी हवा, प्लॉटचा बराच भाग मोकळा ठेवायचा, घर बैठं, पाणी नळाचं, कोपऱ्यावर बाग आणि चालत जाण्याच्या अंतरावर शाळा-बाजार. चिकपेटेतल्या बोळात दोन्ही हात भिंतींना लावून चालल्यावर मल्लेश्वरम्च्या क्रॉसवर आलं, की ही आखणी मागणाऱ्या माणसांची निकड अंगावर येते. त्यांना हौस नव्हती, जगायचं होतं.

दक्षिणेकडच्या गाडीत बसलो. के. आर. मार्केटपर्यंत गाडी जमिनीखाली असते, मग एकदम उजेडात वर चढते आणि नॅशनल कॉलेजचं उंच स्टेशन येतं. इथून बसवनगुडी पायी. वाटेत विश्वेश्वरपुरमची खाऊगल्ली लागते, सज्जनराव सर्कलजवळ. हिवाळ्यात पावट्याचा हंगाम आला की तिथे डोशापासून जिलेबीपर्यंत सगळ्यांत पावटा घालतात. ज्या पिकाने इथली कोरडवाहू शेतं भरलेली असत, ते शहराच्या जिभेवर अजून आहे.

बसवनगुडीचा बसव म्हणजे नंदी. एकाच शिळेतून घडवलेला, सुमारे साडेचार मीटर उंच आणि सहा मीटर लांब. मूर्ती तेलाने काळीभोर झालेली, आणि दगड किती थंड आहे हे हात लावण्याआधीच जाणवतं. देऊळ केंपेगौडाच्या काळचं मानतात. भोवतीची गावं सुंकेनहळ्ळी, गविपुरम, मावळ्ळी, होसकेरेहळ्ळी. या गावांत भुईमूग व्हायचा आणि रात्री कुठला तरी बैल येऊन पीक खाऊन जायचा. एका रात्री शेतकऱ्याने दबा धरून त्याला पहारीने हाणलं, आणि बैल जागच्या जागी दगड झाला. शेतकऱ्यांनी पश्चात्तापाने देऊळ बांधलं आणि पहिलं पीक त्याला वाहायचं ठरवलं. तेव्हापासून कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी ‘कडलेकाई परिषे’, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. भुईमूग हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं पीक. तेव्हा केंपेगौडाच्या काळात इथे ते पिकत असेल का, ही शंका अभ्यासकाला यायलाच हवी. मला वाटतं कथा आधीची आणि शेंग नंतरची असावी. पीक बदललं, बैलाची भूक तीच राहिली.

जत्रेच्या दिवशी बुल टेम्पल रोडवर दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग लागतात. ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या, दोन दाण्यांच्या, तीन दाण्यांच्या. मापं घेऊन बसलेल्या बायका कानडीत, तमिळमध्ये, तेलुगूमध्ये हाका मारत असतात. या उपनगरातली जुनी घरं त्या दिवशी पाहुण्यांनी भरतात, आणि उरलेल्या शेंगा मग आठवडाभर शेजारीपाजारी, कचेऱ्यांत वाटल्या जातात. पण माल येतो तो मागडी, चिंतामणी, कोलार आणि सीमेपलीकडच्या तमिळनाडूतून. ज्या चार गावांची ही जत्रा, त्या गावांत भुईमूग पेरायला वाफाभर जागा उरलेली नाही. सुंकेनहळ्ळीच्या शिवारावर गांधी बाजार आहे, डोशाची दुकानं आहेत, कृष्णराव पार्क आहे. वृषभावती नदीचा उगम या नंदीच्या पायाशी मानतात. पुढे तीच नदी शहराचं सांडपाणी घेऊन बाहेर पडते.

पण बसवनगुडीने शेताच्या मोबदल्यात काय दिलं, याचंही उत्तर याच रस्त्यांवर आहे. अगदी जवळ गोखले सार्वजनिक विचार संस्था आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या डी. व्ही. गुंडप्पांनी ती १९४५ मध्ये स्थापन केली. कन्नड साहित्यातला मोठा माणूस पुण्याच्या नेमस्त पुढाऱ्याच्या नावाने संस्था काढतो आणि तिथे लोकांना राज्यकारभार, कायदा, नीती यांवर बोलायला बसवतो. अशी संस्था चिकपेटेच्या बोळात उभी राहिली असती का? मला वाटतं, नसती. तिला संध्याकाळी पायी येणारे श्रोते, झाडाखालची बाकं आणि घरी परतायची घाई नसलेली माणसं लागतात. आखीव उपनगराचं खरं पीक हे होतं. प्लॉटच्या मापाइतकाच त्याला मोकळा वेळ मापून मिळाला होता.

पुढचा टप्पा साउथ एंड सर्कल आणि जयनगर. साउथ एंड, म्हणजे एकेकाळी शहर इथे संपत होतं. स्वातंत्र्यानंतर शहरात माणसं वाढली, आणि १९४५ मध्ये स्थापन झालेल्या शहर सुधार मंडळाने, इथल्या भाषेत सीआयटीबीने, दक्षिणेला जयनगर आखलं. १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. प्लेगच्या काळातली एक्स्टेन्शन देवळाभोवती, तळ्याच्या काठाने, आधीच्या गावाचं नाव घेऊन वाढली होती. जयनगरला नाव मिळालं ते महाराज जयचामराजेंद्र यांच्यावरून, आणि पत्त्यात ब्लॉक आले. चौथा ब्लॉक, नववा ब्लॉक. पुढच्या काळातल्या लेआउटना ‘स्टेज’ आणि ‘फेज’ मिळाले.

जयनगर मला आवडलं. पदपथ रुंद, झाडं पुरुषभर नव्हे तर दोन मजले उंच, आणि चौथ्या ब्लॉकच्या बाजारात सामान्य मध्यमवर्गाची गजबज. पण इथे थोडं भटकलं की नकाशा अचानक मोडतो. काटकोनात चाललेला रस्ता वळतो, अरुंद होतो, घरं एकमेकांना टेकतात, पारावर पिंपळ-कडुनिंबाची जोडी आणि खाली ओळीने नागाच्या शिळा. एखादी गाय. मारम्माचं लहान देऊळ. हे आपल्याकडच्या भाषेतलं गावठाण. शेती सरकारने घेतली, घरांचा भाग तसाच सोडला, आणि भोवती चौकोनी ब्लॉक उभे राहिले. येडियूर हे असंच एक गाव; त्याचं तळं सुदैवाने अजून आहे आणि सकाळी माणसं त्याच्याभोवती फिरायला येतात. मुंबईकराला हे ओळखीचं वाटेल. माहीम, वरळी, वांद्र्याची गावठाणं अशीच मोठ्या रस्त्यांच्या मधे अडकलेली आहेत.

येडियूरच्या पारावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. कानडी-हिंदी मिसळून बोलणं झालं. त्यांच्या आजोबांची जमीन जयनगरमध्ये गेली. ती कुठे होती, असं विचारल्यावर त्यांनी ब्लॉक, क्रॉस काहीच सांगितलं नाही. म्हणाले, तळ्याच्या बांधापासून मोठ्या चिंचेपर्यंत. चिंच कधीच तुटली. त्यांचा मुलगा त्याच जमिनीवरच्या एका दवाखान्यात हिशेबनीस आहे, आणि त्याचं त्यांना समाधान होतं. “नाचणीत काय मिळायचं?” त्यांनी विचारलं. शहराने गिळलेल्या प्रत्येक शेताची कथा दुःखाचीच असते असं नाही, हे ऐकून घ्यायला हवं. त्यांना खटकत होतं ते वेगळंच. मोबदल्याच्या पैशात त्यांच्या आजोबांना त्याच जयनगरमध्ये एकही साइट घेता आली नाही.

शेवटचा टप्पा नगरतपेटेतल्या दादांबरोबर झाला. रविवारी त्यांची भट्टी बंद असते. हिरव्या मार्गाचं दक्षिणेचं शेवटचं स्टेशन सिल्क इन्स्टिट्यूट, २०२१ च्या सुरुवातीला सुरू झालेलं. तिथून रिक्षाने थोडं आत त्यांच्या सोसायटीचा लेआउट आहे. तीस बाय चाळीस फुटांची साइट; बंगळुरात स्वप्नाचं माप हेच. दादांनी ती घेतली कशी? खानापूर तालुक्यातली दोन एकर कोरडवाहू विकून. “टेंभूचं पाणी यायच्या आधी विकली,” ते म्हणाले. “आता त्याच रानात डाळिंब हाय लोकांचं.” एका ठिकाणचं शेत विकून दुसऱ्याच्या शेतातला तुकडा घेतलेला. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांचा हिशोब असाच आहे, पुण्यात, नाशकात, इथेही.

लेआउटमध्ये डांबरी रस्ते झाले आहेत, विजेचे खांब आहेत, साइटच्या कोपऱ्यांना आकडे लिहिलेले दगड रोवले आहेत. निम्म्या साइट रिकाम्या. कुंपणापलीकडे अजून कुणाची तरी नाचणी उभी होती, कणसं बोटं मिटल्यासारखी वळलेली. उतारावर खाली एक तळं. दादांनी मोठ्या अभिमानाने सगळं दाखवलं: इथे बाग, इथे ‘सीए साइट’, म्हणजे शाळा-दवाखान्यासाठी राखलेला भूखंड, इथे टाकी.

मी त्यांना विचारलं, वरचं पाणी त्या तळ्यात कुठून उतरतं? बंगळूरच्या पूर्वेकडच्या नव्या वस्त्यांत सप्टेंबर २०२२ मध्ये बंगल्यांतून माणसं ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावी लागली होती. तळ्यांना जोडणारे राजकालुवे बुजवले, वळवले, अरुंद केले, हे त्यामागचं एक मोठं कारण. दादांनी मोबाइलवर लेआउटचा नकाशा उघडला आणि आम्ही दोघं तो आडवा-उभा करून पाहत राहिलो. तळं निळ्या रंगात होतं. त्याच्याकडे येणारा ओढा कुठेच नव्हता. आम्ही उतार धरून चालत गेलो तेव्हा तो सापडला: गवताने भरलेली, कमरेइतकी खोल चर, आणि नकाशाप्रमाणे तिच्यावरून चाळीस फुटी रस्ता जाणार होता. त्या रस्त्याच्या काठी दादांच्या शेजाऱ्याची साइट.

दादा खानापुरातले आहेत, दुष्काळी भागातले. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे त्यांना नकाशाशिवाय कळतं. ते चरीच्या काठावर उकिडवे बसले, हाताने मातीचा थर पाहिला, वाहून आलेली वाळू दाखवली. मग त्यांनी चरीचे फोटो काढले, दोन्ही बाजूंचे साइट नंबर दिसतील असे. पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा आहे. शेजाऱ्याला तिथूनच फोन लावला आणि कानडीत, मधेमधे मराठी घालत, त्याला सांगितलं की बांधकाम सुरू करू नकोस, आधी हा ओढा नकाशात घालून घेऊ.